एका वेडगळ कराची थोरवी

अर्थसंकल्प कसा करावा याचे काही शहाणे नियम आहेत. सगळे कर एकाच तिजोरीत यावेत, कोणताही कर ठरावीक खर्चाशी बांधून ठेवू नये. खर्चाचा आकडा मार्चमध्ये ठरवावा आणि वर्षभर त्याच्या आत राहावे. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला त्यातले काही परत मिळताना दिसावे, नाहीतर तो कुरकुरतो. महाराष्ट्राने १९७० च्या दशकात हे तिन्ही नियम एकदमच मोडले. या राज्याच्या कारभारात त्याहून थोर वेडेपणा मला दिसत नाही, आणि ‘थोर’ हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

सुरुवात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी केली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, १९६५ साली त्यांनी मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग उभा केला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला आणि ही कल्पना एका तालुक्यात मावेनाशी झाली.

पाऊस गेला की राज्याची जमा आणि खर्च एकमेकांकडे पाठ करून पळतात. शेतसारा तहकूब होतो, सोसायटीची वसुली थांबते, आठवडी बाजारात कापड आणि भांडी उठत नाहीत, म्हणून त्या काळचा विक्रीकरही मंदावायचा. नेमक्या त्याच महिन्यांत धान्य, पाणी आणि मजुरी यांचा खर्च चढतो. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती, दुपारी सुकडी खात होती. जमा आटली की हात आखडावा, हे हिशेबाचे शहाणपण त्या उन्हाळ्यात पाळले असते तर त्यांतली किती माणसे पुढचा पावसाळा बघू शकली असती?

मग १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर आला. बँकेतला कारकून, गिरणीतला कामगार, डॉक्टर, वकील, दुकानदार, सगळ्यांकडून थोडे थोडे घ्यायचे, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची आणि तो पैसा रोजगार हमीसाठी वेगळा ठेवायचा. मुंबईच्या माणसाने बीडच्या बांधबंदिस्तीसाठी पैसे द्यायचे, जो बांध तो आयुष्यात पाहणार नाही. मला यातच सगळी अक्कल दिसते. मुंबईची कमाई बीडच्या पावसावर अवलंबून नाही. एकाच राज्याच्या अर्थव्यवस्थेचे हे दोन भाग एकाच वेळी कोरडे पडत नाहीत, म्हणूनच एकाने दुसऱ्याला धरून ठेवता येते.

त्याहून मोठे वेड १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क झाला. मस्टरवर किती नावे लागतील हे आता मंत्रालयातले वित्त खाते ठरवू शकत नव्हते, ते पाऊस आणि भूक ठरवणार होते. कोणत्याही वित्त सचिवाची झोप उडावी असे हे कलम! बाई आणि बुवाला मजुरीचा दर एकच. ज्या बाईला शेतावर अर्धा पगार मिळायचा, ती हजेरीपत्रकावर पुरुषाच्या बरोबरीने उभी राहिली. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांसमोर होता.

शहाणपण मात्र हळूहळू परत आले. बऱ्या पावसाच्या वर्षांत कर जमत राहिला, कामे कमी निघाली, आणि शिल्लक कागदावर वाढत गेली. गावात काम मागणाऱ्याला ‘सध्या काम नाही’ असे सांगितले जाई. खोटी मस्टरे झाली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली. याचा मला राग आहे, कारण हे पैसे एका वचनावर घेतलेले होते.

दुसरे शहाणपण राज्यघटनेतच आहे. कलम २७६ ने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ मध्ये २,५०० झाली. तिथेच ती आजही अडली आहे. महिना दहा हजारांहून थोडे जास्त मिळवणारा पहारेकरी आणि महिना दहा लाख मिळवणारा अधिकारी, दोघांच्याही पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयेच जातात. बायकांना २५,००० पर्यंत सूट मिळाली, ते योग्यच झाले. पण वरच्या टोकाला कोणी हात लावत नाही. संसदेने ही मर्यादा उठवावी, राज्याने पगाराच्या चढत्या प्रमाणात कर लावावा आणि त्यातला प्रत्येक रुपया पुन्हा हमीच्या कामाला कायद्याने जखडावा. ही मागणी आम्ही पगारदारांनी आधी केली पाहिजे.