उजेडाची दलाली

२०२१ साली सरकारने नियम केला की पन्नास वर्षांहून जुनी गाडी म्हणजे विंटेज. आमची प्रीमियर पद्मिनी १९७८ची. म्हणजे मिरवायला अजून कोवळी आणि रस्त्यावर काढायला केव्हाच निबर. पंधरा वर्षं उलटलेल्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत हजेरी लावावी लागते आणि तिथले साहेब म्हणतात, "लाइट मारा." आमची गाडी डोळा मारते.

उजवा दिवा ठणठणीत, डावा मिणमिणता. डावीकडे वळायचा सिग्नल दिला की डावा हेडलाइटही त्याच्या ठेक्यावर मान डोलावतो. आणि डिपर टाकला की डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा, ज्याला कुणी बोलावलेलं नसतं, तोही हळूच हजर होतो.

सुरतेत सल्ला तेवढा फुकट, बाकी सगळं रोखीने. अडाजणच्या आमच्या सोसायटीत बॉनेट उघडलं की लिफ्टसुद्धा रिकामी होते. तिसऱ्या मजल्यावरच्या हिरेवाल्या काकांनी खिशातून आयग्लास काढून बल्ब डोळ्याशी धरला, फिरवून फिरवून पाहिला आणि निकाल दिला, "एकदम साफ छे, भाऊ. डाघ नथी." चांगला भाव आला तर विकून टाका, असंही ते म्हणतील असं वाटलं. साडीवाल्या शेठचं मत पडलं की साठ वॅटचा बल्ब काढून शंभरचा टाकावा. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी गाडीच बदलायला सांगितली.

विलायतेत जुन्या मोटारींचे शौकीन दिवे गेले की लुकास कंपनीच्या संस्थापकाच्या नावाने खडे फोडतात. 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात त्याला. आपल्याकडे असा एकच दोषी सापडणं कठीण. कुर्ल्याच्या कारखान्यातून आमची गाडी निघाली तेव्हा प्रत्येक तारेला रंग होता आणि प्रत्येक रंगाला अर्थ होता. पुढे ज्या वायरमनच्या हाताला जो तुकडा लागला, तो त्याने पीळ मारून जोडला आणि वर टेप गुंडाळली. टेपरेकॉर्डर गेला, तारा राहिल्या. रिव्हर्स घेताना आरती म्हणणारा हॉर्न कायमचा गप्प झाला, तरी त्याची लाल तार अजून प्रसादाची वाट बघत लोंबते आहे. त्यात ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सुटलं, तापी घराघरांत फिरून गेली आणि जाता जाता आमच्या हेडलाइटच्या वाटीतही थोडा गाळ ठेवून गेली.

शेवटी उधना दरवाजाकडच्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ तरुणपणी कापडबाजारात दलाली करत, मग वायरिंगमध्ये आले. धंदा बदलला असं त्यांना मात्र वाटत नाही. त्यांनी मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट. डाव्या बल्बचा कनेक्टर उपटून त्यात टोकं घातली, तर तिथेही जवळजवळ तेवढेच.

"म्हणजे करंट पुरता येतोय," मी म्हणालो.

"भाऊ, सौदा व्हायच्या आधी बाजारात सगळेच शेठ. माल उचलला की कळतं."

त्यांनी बल्ब जोडला, दिवा लावला आणि थेट बल्बच्या टोकांवर मोजलं. ९.८! उरलेले २.८ व्होल्ट मधल्या मंडळींनी खाल्ले होते. स्विच, डिपर, फ्यूज, शिवाय हरेक सांधा. जो तो आपली टक्केवारी कापून माल पुढे ढकलतो. साठ वॅटचा बल्ब पाच अँपिअर ओढतो. वाटेत ०.२ ओहमचा एक गंजका सांधा बसला असला, तरी तो एकटा एक व्होल्ट गिळतो. आणि व्होल्ट दहा टक्के घटले की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. शंभरचा बल्ब टाकला असता तर? "मोठा सौदा, मोठी दलाली. वर स्विच गरम."

खरी गंमत पुढेच होती. एक टोक बल्बच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. मीटर म्हणाला १.८. जाताना फक्त एक व्होल्ट गेला होता. मोठी गळती परतीच्या वाटेवर होती. मिस्त्रींचा चेहरा उजळला. "माल पोचतो, पेमेंट अटकतंय!" अडलेला करंट मग गल्लीबोळ शोधतो. थोडा सिग्नलच्या बल्बातून निसटतो, थोडा अप्परच्या तारेत उलटा शिरून उजव्या दिव्याकडे पळतो. वाटेत तो निळा दिवा भेटतो, म्हणून तो पेटतो. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की घर रस्त्यावर आहे.

अर्थचा बोल्ट काढला तर खाली गंज, रंग आणि तापीमाय. पॉलिश पेपरने घासून पत्रा लखलखीत केला, नवी थिंबल बसवली, वर व्हॅसलीन. मग रिले. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड तार थेट रिलेला आणि तिथून बल्बला. जुन्या स्विच-डिपरने आता फक्त चिठ्ठी पोचवायची. मालाला हात लावायचा नाही. दिवे लावले तर समोरच्या दुकानातल्या साड्यांचे खरे रंग दिसले. दुकानदाराने घाईघाईने शटर अर्धं ओढलं.

"आरटीओत पास झाली की पैसे देतो," मी म्हणालो.

मिस्त्री हात पुसत शांतपणे म्हणाले, "भाऊ, १६६४मां तमे लोको आव्या. १६७०मां पाछा आव्या. बेउ वखतनुं बिल बाकी छे. हवे रोकडा."

महाराजांच्या खात्यावर बोट ठेवल्यावर मराठी माणूस काय बोलणार? निमूट नोटा मोजून हातावर ठेवल्या. त्यांनी थुंकी लावून पुन्हा मोजल्या.

"पचास ओछा छे. क्यां गया?"

"मधल्या सांध्यांत," मी म्हणालो आणि गाडी काढली.