एका दिवसाची नऊवारी

आमच्या शेजारच्या काकू वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगात बसून लहान मुलींच्या शिवलेल्या नऊवारी ऑनलाइन विकतात. सोबत नथ आणि अंबाडाही देतात. धंदा चांगला आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ, १९ फेब्रुवारीला शिवजयंती. वर्षाचे पहिले पन्नास दिवस महाराष्ट्रातल्या शाळांनी जणू काकूंच्या शिलाई मशीनलाच वाहिले आहेत. ऑर्डरी धडाधड येतात.

आणि २० फेब्रुवारीपासून त्याच नऊवारी धडाधड परत येतात. कारणाच्या रकान्यात ठरलेला मजकूर : साईज बसली नाही. लेकीला ती भाषण संपेपर्यंत बसली होती, टाळ्या पडल्या आणि बसेनाशी झाली.

यंदा मुंबईहून परत आलेलं एक पुडकं माझ्यासमोरच फुटलं. काठाला कुंकवाचा ठिपका, कमरेशी सेफ्टी पिन तशीच, आणि पदराला पुठ्ठ्याचा गोल बिल्ला : 'स्पर्धक क्र. १४'. नंबर आला की नाही, तेवढं कळवायचं राहून गेलं.

नऊवारी वापरून परत आली, हे कंपनीपुढे सिद्ध करायचं तर व्हिडिओ लागतो. पुडकं फोडण्याआधीपासून माल बाहेर येईपर्यंत, मध्ये न तोडता. लेबल वाचता आलं पाहिजे, पुडक्याच्या सहाही बाजू दिसल्या पाहिजेत. काकू मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवतात, एका हातानं पुडकं फिरवतात, दुसऱ्या हातानं कात्री धरतात. बिल्ला कॅमेऱ्यापुढे धरला आणि नेमकी लाइन गेली. दाव्याचा निकाल दोन दिवसांत आला : चित्रण अस्पष्ट, दावा नामंजूर, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. दिलगिरीचं चित्रण मात्र एकदम स्पष्ट होतं.

गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर लिहिलेलं असतं, 'सात दिवसांत मोफत परत'. मोफत म्हणजे गिऱ्हाइकाला मोफत. वाशीमहून मुंबईला जायचं भाडं काकूंच्या हिशोबातून गेलं, मुंबईहून परत यायचंही गेलं. कंपनीचं औदार्य आणि काकूंचा खिसा, अशी भागीदारी आहे.

भाडंही मालाचं नसतं, खोक्याचं असतं. नथ चेपू नये, अंबाडा मोडू नये म्हणून काकू खोका वापरतात. ३० बाय २५ बाय १० सेंटिमीटर. कुरियरवाल्यांचं गणित असं : लांबी, रुंदी, उंची गुणायची आणि ५००० नं भागायचं. उत्तर दीड किलो. काट्यावर तेच पुडकं सहाशे ग्रॅम भरतं. म्हणजे दर खेपेला अनसिंगची नऊशे ग्रॅम हवा मुंबईला जाते आणि स्पर्धक क्रमांक चौदाच्या कृपेनं मुंबईची तेवढीच हवा अनसिंगला येते. दोन्ही हवांचे पैसे काकूंचे.

माल आधी आणि पैसे दारात, ही ऑनलाइन बाजाराची शक्कल काही बंगळूरच्या पोरांनी काढलेली नाही. पोस्टानं व्ही.पी. सुरू केली १८७७ साली. पुण्यामुंबईचे प्रकाशक आणि काढेवाले व्ही.पी.नंच गावोगाव पोचले, आणि व्ही.पी. न सोडवता परत आली की कपाळाला हातही लावायचे. पण पोस्टमनचा खाक्या कडक : आधी पैसे मोजा, मग सुतळी सोडा. नेसवून बघा, गॅदरिंग उरका आणि मग ठरवा, असली सोय इंग्रज सरकारलाही सुचली नव्हती.

अनसिंगला सोयाबीनचा उपबाजार आहे. तिथं शेतकऱ्याचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. ओल दाखवतात, माती दाखवतात, भाव पाडतात, हमाली-तोलाई कापतात. पण एकदा काटा झाला की झाला. 'फोटोत दाणा जास्त पिवळा दिसत होता' म्हणून व्यापारी आठ दिवसांनी पोतं घरी आणून टाकत नाही, आणि आणून टाकल्याचं भाडं पट्टीत लावत नाही.

सरकारची गंमत न्यारीच. काकूंची उलाढाल चाळीस लाखांच्या आसपासही नाही, त्यामुळे जीएसटी नंबर नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी अशा माणसाला या ऑनलाइन बाजारात उभंच राहता येत नव्हतं. ओट्यावर मांडून विकलं तर माफ, मोबाइलवर विकलं की पहिल्या रुपयापासून नोंदणी. मग नियम सैलावला : नोंदणी नको, पॅन द्या, एक क्रमांक घ्या आणि विका. मात्र आपल्याच राज्यात! त्यामुळे काकूंची नऊवारी पार सावंतवाडीला जाऊ शकते, पालघरला जाऊ शकते, पण पुसद-माहूर ओलांडून आदिलाबादला जाऊ शकत नाही. ते तेलंगणात. तिकडं मराठी घरं पुष्कळ आहेत, पण कायद्याच्या लेखी सावंतवाडी जवळ आणि आदिलाबाद परमुलूख. तिथली मंडळी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आली आणि काकूंनी तिथं जाऊन हातोहात विकली, तर चालेल म्हणे.

पावसाळ्यात आणखी एक. पार्सलं न्यायला येणाऱ्या पोराचा दुपारी फोन आला, "काकू, आज याले नाई जमत, पुलावरून पाणी हाये." काकू म्हणाल्या, "नको येऊ बाबू, जिवापेक्षा काय जास्त हाये?" संध्याकाळी कंपनीचा निरोप : विक्रेत्याकडे माल तयार नव्हता, मानांकन कमी करण्यात येत आहे. माल दारात प्लास्टिकखाली झाकून ठेवला होता. पुराची नोंद करायला ॲपात रकाना नाही.

खरी कसोटी दिवाळीच्या तोंडावर. कंपन्यांचे मोठे सेल आणि इकडचं सोयाबीन एकाच वेळी अंगावर येतं. सेलसाठी माल दुप्पट भरून ठेवा, असं मोबाइल रोज बजावतो. काकूंकडे काज-बटण करायला येणाऱ्या दोघी त्या वेळी कोणाच्या ना कोणाच्या वावरात विळा घेऊन वाकलेल्या असतात. उशीर झाला की दंड. दंड नको असेल तर सुट्टीचं बटण आहे, पण ते दाबलं की दुकान यादीत तळाला जातं, असं या धंद्यातले सगळेच सांगतात.

गेल्या ऑक्टोबरात काकूंनी ते बटण दाबलं आणि त्या दोघींसोबत सोंगणीचा गुत्ता घेतला. भाव ठरला, एकर मोजले, पैसे हातात पडले. आठ दिवसांनी सोयाबीन पुन्हा उभं करून द्या म्हणायला कोणी आलं नाही.