करंगळीतला ब्रेक

माझ्या कीबोर्डवर ‘च’ दाबला की गाडीचा ब्रेक सुटतो आणि ‘ट’ दाबला की लागतो. हे मी एकदा कामावर सहज बोलून गेले, तेव्हा समोर प्रुफं तपासत बसलेल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्रुफात डोकं घातलं. सव्वीस वर्षं एकत्र काम केल्यावर माणसं एकमेकांना फारसं विचारत नाहीत.

मी अक्षरजुळणी करते. दुसऱ्यांच्या कादंबऱ्या, तिसऱ्यांचे गौरवग्रंथ आणि मार्च महिन्यात अहवाल. घरच्या लॅपटॉपवरही इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीची मराठी स्टिकरं लावलेली आहेत. दिवाळीत भाचा राहायला आला. भावाच्या कपाटात त्याला २००१ सालची मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरची सीडी सापडली होती. रेल्वेवेड्या मंडळींनी बनवलेलं ओपन रेल्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात हे जुने मार्ग चालतात. त्याने ते सगळं माझ्या लॅपटॉपवर चढवलं, दोन दिवस खेळला आणि क्लास बुडतो म्हणून निघून गेला. खेळ मागे राहिला.

जाताना एका कागदावर बटणं लिहून गेला होता. डी म्हणजे वेग वाढवायचा, ए म्हणजे कमी करायचा. डब्ल्यू म्हणजे पुढे, एस म्हणजे मागे. अर्धविरामाने ब्रेक सोडायचा, त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हाने लावायचा. एचने हेडलाइट, पीने पँटोग्राफ वर, एक्सने रुळांवर वाळू, स्पेसबारने भोंगा. कागदाच्या खाली मोठ्या अक्षरात: ‘आत्या, बॅकस्पेस म्हणजे इमर्जन्सी ब्रेक. उगाच दाबू नकोस.’

पण माझी बोटं इंग्रजीत विचार करत नाहीत. त्यांना डी दिसतच नाही, तिथे त्यांना हलंताची खूण दिसते. म्हणजे गाडीचा वेग वाढवायला मी पाय मोडते. डिझेल इंजिनाला बहुधा आठ नॉच असतात, तर आठ वेळा पाय मोडला की गाडी पूर्ण ताकदीने धावते. डब्ल्यूवर दोन मात्रा आहेत आणि एसवर एक, तेव्हा पुढे जायचं तर दोन मात्रा आणि मागे यायचं तर एक. एचवर प आहे, त्यामुळे प्रकाशाची आठवण वेगळी ठेवावी लागली नाही. एक्सवर अनुस्वार. चढावर चाकं घसरायला लागली की मी रुळांवर एकेक अनुस्वार टाकते आणि ती पकड घेतात. एका संध्याकाळी लक्षात आलं की ‘पैज’ हा शब्द टाइप केला तर हेडलाइट लागतो, गिअर पुढच्या दिशेला पडतो आणि पँटोग्राफ वर जातो. विजेचं इंजीन निघायला तयार! खरा ड्रायव्हर आधी पँटो चढवेल आणि बाकीचं मग, पण शब्द काय त्याच्या सोयीने बनत नाहीत.

मग आणखी एक गंमत दिसली, आणि ती कोणाला सांगावी हे आजतागायत कळलेलं नाही. इनस्क्रिप्टमध्ये ढोबळमानाने स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजनं उजव्या. (खालच्या ओळीतले म, न, व हे घुसखोर सोडून द्या.) खेळातही वेग आणि दिशा डाव्या हाताला, तर ब्रेक सगळे उजव्या हाताला. म्हणजे स्वरांनी गाडी चालते आणि व्यंजनांनी थांबते. शाळेत व्याकरणाच्या बाई सांगायच्या की स्वर म्हणताना हवा कुठे अडत नाही आणि व्यंजन म्हणताना अडते. च आणि ट तर पक्के स्पर्श वर्ण, हवा पूर्ण अडवणारे. आणि गाडीचा ब्रेकही हवेचाच! ज्याने ही बटणं ठरवली त्याला इनस्क्रिप्ट ठाऊक असणं शक्य नाही. तरी त्या रात्री मी बराच वेळ च-ट, च-ट करत बसले होते आणि खेळातल्या सेटल स्टेशनात उभी असलेली ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ ही वाफेची गाडी फुसफुसत होती.

त्या सीडीवर सहा मार्ग आहेत. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल, त्यात रिबलहेडचा २४ कमानींचा पूल. ऑस्ट्रियातला एक डोंगरी मार्ग. अमेरिकेतले दोन, जपानमधले दोन. जपानमधल्या हिसात्सु मार्गावर जुलै २०२० मध्ये कुमा नदीला पूर आला, पूल वाहून गेले, वाहतूक बंद पडली. माझ्या लॅपटॉपवर तो मार्ग अजून चालू आहे. तिथून मी फार हळू जाते.

अडचण बटणं पाठ करण्याची नव्हतीच. अडचण अशी की सव्वीस वर्षं मी बटण दाबलं की अक्षर उमटलेलं पाहिलंय. तत्क्षणी. गाडीत तसं होत नाही. ट दाबला की काहीच होत नाही. निदान तसं वाटतं. म्हणून माणूस पुन्हा दाबतो. तरी काही नाही म्हणून तिसऱ्यांदा दाबतो. आणि मग तिन्ही ट एकदम अंगावर येतात आणि गाडी फलाटाच्या अलीकडे, कुणाच्या तरी परसदारी, मेंढ्यांच्या शेजारी उभी राहते.

हवेच्या ब्रेकचा स्वभावच उलटा आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ मध्ये तो तसा बनवला तेव्हापासून. गाडीभर एक नळी जाते, तिच्यात हवा दाबून भरलेली असते. आपल्याकडच्या गाड्यांत हा दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो. हवा भरलेली असेल तोवर ब्रेक मोकळे. ब्रेक लावायचा म्हणजे हवा सोडायची. डबा तुटला, नळी फुटली, तर हवा आपोआप निघून जाते आणि गाडी स्वतःहून थांबते. फार शहाणी योजना. पण दाब उतरल्याची खबर इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जायला वेळ लागतो, आणि ब्रेक सोडताना नळी पुन्हा भरायला त्याहून जास्त. तेवढ्या वेळात माझ्यासारखी बाई एक परिच्छेद टाइप करते.

याची शिक्षा मला अमेरिकेत मिळाली. मोंटानामध्ये मरायस पास नावाची खिंड आहे. तिथून मी मालगाडी खाली उतरवत होते. मागे शंभरएक वाघिणी. मराठीत वॅगनला वाघीण कोणी म्हटलं ते माहीत नाही, पण त्या माणसाने उतारावरून मालगाडी नक्कीच आणलेली असणार. वेग वाढला, मी ट दाबला. वेग कमी झाला, मी च दाबला. पुन्हा वाढला, ट. पुन्हा च. हे चाललं होतं छान, शुद्धलेखन तपासल्यासारखं. मला कोण सांगणार की दरवेळी ब्रेक लावून सोडताना वाघिणींखालच्या टाक्यांतली हवा थोडी थोडी संपत जाते आणि ती पुन्हा भरायला मी वेळच देत नव्हते? पाचव्या की सहाव्या ट ला टाक्यांत फारसं काही उरलं नव्हतं. वेगाचा आकडा पंचविसाचा तीस झाला, तिसाचा अडतीस.

अशा वेळी डायनॅमिक ब्रेक नावाची एक सोय असते. त्यात इंजिनाच्या मोटारीच उलट्या कामाला लावून गाडी आवरून धरतात, हवा खर्च होत नाही. घाटात ड्रायव्हरचा खरा भरवसा त्याच्यावर. त्याची बटणंही कागदावर लिहिलेली होती: स्वल्पविरामाने कमी, पूर्णविरामाने जास्त. पण पूर्णविराम मला आयुष्यात कधी वेळेवर सुचलेला नाही, हे ज्यांची पुस्तकं मी जुळवली ते सांगतील.

मी बॅकस्पेस दाबला. माझ्या कीबोर्डवर सगळ्यात आधी झिजलेलं बटण तेच. चूक झाली की तिथे बोट जातं, आणि चूक झाली की मी ते एकदा दाबत नाही. टप टप टप करत अख्खा शब्द पुसून काढते. तसंच केलं. सहा वेळा दाबला. ओपन रेल्समध्ये ते बटण एकदा दाबलं की इमर्जन्सी लागते आणि पुन्हा दाबलं की उठते. सहा ही समसंख्या आहे.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘आत्या, सातव्यांदा का नाही दाबलंस?’’ मी म्हटलं, ‘‘शब्द सहा अक्षरी होता.’’ त्याला काही कळलं नाही.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात, निवृत्त मोटरमन. एका रविवारी ते वाटी परत द्यायला आले. काकूंना सांडग्याची चटणी दिली होती मी, त्याची वाटी. टीव्ही बंद, लॅपटॉप सुरू आणि त्यावर गाडी हे पाहून ते आत येऊन बसले. मी त्यांना बटणं दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘आणि हात कुठे ठेवायचा?’’

‘‘कसला हात?’’

त्यांनी टेबलाच्या कडेवर एक तळवा ठेवला आणि खाली दाबून धरला. लोकलच्या मोटरमनला हँडल असं सतत दाबून धरावं लागतं. सोडलं की गाडीला वाटतं आपला माणूस गेला, आणि ती ब्रेक लावते. डेडमॅन म्हणतात त्याला. शिंकताना सोडायचं नाही, डोळ्यात कचरा गेला तरी सोडायचं नाही.

‘‘इथे सोडलं तर काय होतं?’’

‘‘काही नाही. चालत राहते.’’

‘‘चालत राहते?’’ काकांनी हात टेबलावरून उचलला नाही. ‘‘मग चालवतंय कोण?’’

तरी खेळले. जाड बोटं, एका वेळी एकच बटण, आणि दाबल्यावर हात मागे घेऊन थांबणं. बोगद्याच्या तोंडाशी मी न सांगता स्पेसबार दाबून भोंगा दिला. स्टेशनच्या बरंच आधी ट, मग काहीच नाही. मला राहवेना, मी म्हटलं आणखी एकदा दाबा, ते म्हणाले येतोय ब्रेक, येऊ द्या. आला. फलाटावर गाडी अशी उभी राहिली की पेल्यातलं पाणी हललं नसतं. मी म्हटलं, एंटर दाबा, प्रवासी चढतात. त्यांनी दाबलं. प्रवासी चढले. सिग्नल हिरवा. गाडी मात्र जागची हलेना, आणि काका समोर पाहत बसलेले.

‘‘काका, निघा.’’

‘‘बेल कुठे झाली?’’

लोकलमध्ये मागच्या टोकाला गार्ड असतो. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणायचं ठरलंय, पण काका गार्डच म्हणतात. त्याने दोन बेल दिल्याशिवाय मोटरमन निघत नाही, सिग्नल कितीही हिरवा असो. खेळ बनवणाऱ्याने गार्ड दिला नव्हता. आमच्या काकांनी पस्तीस वर्षांत एकदाही बेलशिवाय गाडी सोडली नव्हती, आणि ती सवय ते दिवाणखान्यात मोडणार नव्हते. शेवटी मी ती वाटी उचलली, चमचा घेतला आणि वाजवला. ठण ठण.

काकांनी च दाबला.

तेव्हापासून रविवारी अकराच्या सुमाराला मी गार्ड असते. काकू शेजारून ओरडतात की वाटीला पोचे पडतील.

भाचा म्हणतो की खरा शौक असेल तर रेलड्रायव्हर नावाचं एक टेबलावर ठेवायचं यंत्र मिळतं, त्याला खरीखुरी हँडलं असतात. जपान्यांनी तर हे कधीच ओळखलं होतं. तैतो कंपनीने १९९६ मध्ये ‘देन्शा दे गो’ खेळ आणला तेव्हा त्याला वेगाचं एक आणि ब्रेकचं एक अशी दोन हँडलं दिली, आणि गाडी खुणेपासून किती सेंटिमीटरवर थांबली यावर गुण. मला मोह झाला, नाही असं नाही. पण हँडल आल्यावर माझ्या च आणि ट चं काय? एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वजन आलंय.

कामावर त्याचा परिणाम दिसतो. परवा ‘चटका’ टाइप करताना च झाल्यावर मी थांबले. हवा भरू दिली. मग ट.

सकाळी डोंबिवलीहून मी फास्ट पकडते. दारात नाही, आत तिसऱ्या बाकाच्या बाजूला, कडीला हात. पूर्वी या वेळात मी डोळे मिटायचे. आता कळवा मागे पडलं की उजवी करंगळी पर्सच्या पट्ट्यावर आपोआप सावध होते. त्या दिवशी ठाण्याला येताना मोटरमनने फलाटाच्या बऱ्याच आधी ब्रेक धरला. एक ट. वाट पाहिली. खाडीवरचा वारा आत आला, तो मंदावला. दुसरा ट, हलकाच. बायका बॅगा खांद्यावर घेऊ लागल्या. आणि गाडी थांबायला दोन पावलं उरली असताना त्याने ब्रेक किंचित सोडला, म्हणून गचका बसला नाही. अर्धविराम. एवढ्या माणसांत तो कोणाला कळला नाही. माझी करंगळी मात्र पट्ट्यावर टेकलेलीच होती, आणि मी कान देऊन दोन बेलची वाट पाहत होते, ज्या आमच्या डब्यापर्यंत काही ऐकू येत नाहीत.

समोरच्या बाईने विचारलं, ‘‘उतरणार का?’’

‘‘दादर,’’ मी म्हटलं.