ब्रेक फेल नाही, पेडल कडक

लेस्टर, रविवार

तीर्थरूप अण्णांना व आईला,


कुकर लावलाय, तेवढ्यात लिहून घेते. आई, सगळ्यात आधी वसुधामावशीला फोन कर आणि ठणकावून सांग की आमचा ब्रेक फेल झाला नाही, गाडी कुणाच्या कुंपणात घुसली नाही आणि मंदारच्या पायाला प्लास्टर नाही. ब्रेकचं पेडल कडक झालं होतं, बस. मावशीच्या कानावर पडलेली बातमी सहकारनगरातून धनकवडीला पोचेपर्यंत बाळंत होते, हे ठाऊक असूनही तू तिलाच का सांगतेस?

पार्सल पोचलं. मेतकुटाची पुडी फुटली होती, त्यामुळे ओजसच्या नव्या स्वेटरला गेले दोन दिवस मऊ भाताची भूक लागते आहे. इथे बेलग्रेव्ह रोडवर ढोकळा, फाफडा, उंधियू, म्हणाल ते मिळतं. मेतकूट म्हटलं की दुकानदार मोठ्या प्रेमाने हिंगाची डबी पुढे करतो. सांडगी मिरच्या तळल्या तर धुराचा अलार्म बोंबलला. तरी तळल्या.

आता गाडी. सकाळी पेडल विटेसारखं. गाडी थांबायची, पण मंदारला सीटवरून जवळजवळ उभं राहून दाबावं लागायचं. मी चाव्या काढून घेतल्या आणि त्याला बसने पाठवलं. गॅरेजवाल्याने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला: सर्वो गेला, नवा बसवायचे साडेचारशे पौंड. अण्णा, पन्नास हजार रुपये झाले हो! आणि ते ऐकवताना आवाज असा, की जणू पाव किलो भेंडीचा भाव सांगतोय. त्यात एमओटीची तारीख डोक्यावर. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ही परीक्षा. कायद्याने तिची फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. ब्रेकमध्ये धोकादायक खोट निघाली, तर नापास गाडी तिथून चालवत घरीसुद्धा आणता येत नाही.

म्हणून तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पहिलं वाक्य काय बोललात, आठवतंय? "एसटीत हवा भरलेली असते म्हणून ब्रेक लागतो, तुमच्या डबड्यात हवा ओढून घेतलेली असते म्हणून लागतो." मंदारने इंजिनियरिंगच्या चार वर्षांत ऐकलं नसेल ते एका वाक्यात. सर्वोच्या डब्यातली हवा इंजिन ओढून घेतं. पाय ठेवला की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब आपल्या पायाला मदत करतो. ओढ कमी पडली की सगळा भार मंदारच्या पोटरीवर.

मग तुमची परीक्षा. इंजिन बंद, पेडल पुन्हा पुन्हा दाबून कडक करा, पाय तसाच ठेवा, इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. आमचं ढिम्म. "सर्वोला लगेच फाशी नको," म्हणालात, "आधी नळी बघा." आणि इथेच घोडं अडलं. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडायला बंदी! म्हणजे करारात 'दुरुस्ती करू नये' असं आहे. पण मागे मी नुसतं काच धुवायचं पाणी भरत होते, तर इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं फोटोसकट पत्र आलं. फोटोत माझी फक्त पाठ, तीही वाकलेली. कुत्र्याला जिन्यात भुंकायची मुभा आहे, तळमजल्यावरचा माणूस रात्री ड्रम वाजवतो, त्याचं काही नाही. पण पान्याला सोसायटीची परवानगी लागते, आणि अर्ज केला की उत्तर दहा कामाच्या दिवसांत. शेवटी समोरच्या गुजराती बेननी त्यांचं अंगण दिलं. गाडी ढकलत नेली. बेन थेपले घेऊन देखरेखीला उभ्या.

सर्वोकडची नळी काढून टोकावर बोट ठेवलं, तर ओढ नावापुरती. तुम्ही नळीतली झडप फुंकून बघायला लावलीत, मंदारने फुंकली. सर्वोच्या बाजूने हवा जाते, उलटी येत नाही, म्हणजे झडप शाबूत. (त्याच्या मिशीला अजून पेट्रोलचा वास आहे.) मग तुम्ही आम्हा सगळ्यांना गप्प केलंत, बेनना सुद्धा, आणि म्हणालात, फोन इंजिनच्या मागच्या बाजूला धरा. "तिथे सूं करतंय." लेस्टरमधली फट पुण्यात ऐकू आली! वाकणाशी, खालच्या अंगाला, नळी तेलाने मऊ होऊन चिरली होती. नवी सव्वीस पौंडांना आली. बसवली, इंजिन चालू केलं आणि पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. एमओटीवाल्यानेही तीच परीक्षा घेतली. पास.

अण्णा, तुम्ही एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून आलात की मोरीवर वॉशिंग पावडरने हात चोळायचात, तरी जेवताना बोटांना ग्रीसचा वास यायचा आणि मी नाक मुरडायची. परवा गाडीखालून निघालेल्या मंदारच्या हातांना तो वास आला. मी त्याला हात धुवायला उगीच उशिरा पाठवलं.

बाकी, शिल्पाच्या लग्नाचा हॉल बदलला हे मला तिच्या सासूच्या स्टेटसवरून का कळावं? हॉलबरोबर तारीखही हलली असेल, तर आमची तिकिटं जुन्या तारखेची आहेत, तेवढं बघा. आंब्याच्या फांदीवरून जोशीकाकूंशी वाद घालू नकोस, आई. फांदी त्यांचीच आहे, कैऱ्या आपल्या. पुढच्या पार्सलला मेतकूट डब्यात घाल. आणि बंडूकाकांचंही पेडल अडकतं म्हणालात ना? त्यांना नळी-बिळी उघडायला लावू नका. त्यांच्या पायापाशी पाण्याची बाटली लोळत असते, ती आधी काढा.

तुमची,
मनू