फॅट किती लागली?

वारणा खोऱ्यातला माणूस दुधाच्या बाबतीत भलता हुशार. नुसत्या लिटरवर तो भुलत नाही. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ, म्हशीच्या दुधाला 6 आणि 9, त्याच्या खाली गेलं की दर घसरला, हे किटली घेऊन डेअरीवर जाणाऱ्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. हाच माणूस कॅमेऱ्याच्या दुकानात शिरतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "किती मेगापिक्सेल?" म्हणजे लिटर किती. फॅटचं नावच नाही.

आमच्या पुतण्यानं हेच केलं. उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असा कायदा आहे. पण त्या कायद्यावर न विसंबता, बिलाची वाट न बघता कॅमेरा हप्त्यावर घरात आला. कॅनन 3000डी, 2018 च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला, डीएसएलआरच्या जिन्याची अगदी खालची पायरी. खोकं उघडायच्या आधीच पोराचं तोंड उतरलेलं. "काका, हा अठराचाच हाय. मित्राच्या फोनात सेल्फीलाच चोवीस हायत."

त्याला सांगितलं, बाबा, आत जो सेन्सर आहे तो 22.3 बाय 14.9 मिलिमीटरचा आहे. स्वस्तातल्या फोनचा त्याच्या दहाव्या हिश्शालाही येत नाही. प्रत्येक टिपक्याला उजेड प्यायला जागा जास्त. फॅट म्हणतात ती ही. पोरानं मान डोलावली आणि गळ्यात पट्टा अडकवून आरशासमोर उभा राहिला. डीएसएलआरचा पहिला फोटो हा नेहमी डीएसएलआरचाच असतो, आणि तो फोनवर काढलेला असतो.

आता वस्तू हातात घेऊन बघू. बॅटरी आणि कार्डासकट वजन 436 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. पकड चांगली. कंपनीनं काटकसर मात्र अशी केली आहे, की एखाद्या पतसंस्थेच्या मॅनेजरनं शिकायला यावं. जिथं लेन्स बसते ती कडी धातूची नाही, प्लास्टिकची. चालू-बंद करायला वेगळा खटका नाही. मोडच्या चकतीवरच 'ऑफ' लिहिलेलं. फ्लॅश बटण दाबून टुणकन वर येत नाही, नखानं उचकटून वर काढायचा. मागचा पडदा 2.7 इंची आणि 2 लाख 30 हजार टिपक्यांचा. त्यावर बघून फोटो फोकसमध्ये आहे म्हणणं म्हणजे निव्वळ श्रद्धा. आणि आमच्या वयाच्या लोकांसाठी खास बात: व्ह्यूफाइंडरला चष्म्याचा नंबर जुळवायची चाकीच काढून टाकली आहे. चष्मा लावून बघा, नाहीतर पोराला बघू द्या.

एक काटकसर तर खोक्यावर सुद्धा दिसत नाही. फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध जो टाचणीएवढा संपर्क असतो, तो या मॉडेलला नाही. दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर चालतात ते त्याच्याच जिवावर. गावाकडचा लग्नाचा फोटोग्राफर असल्याच साहित्यावर पोट भरतो. त्याला हा स्वस्तातला कॅमेरा मोहात पाडणार आणि मग कंपनीचाच फ्लॅश घ्यायला लावणार. खतासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतात, तेव्हा आपण दुकानदाराशी भांडतो तरी.

खरी परीक्षा झाली कुस्तीला. वारणा समूहाचे संस्थापक तात्यासाहेब कोरे यांच्या पुण्यतिथीला, 13 डिसेंबरला, वारणानगरात मैदान भरतं. पुतण्या पहिल्या रांगेत, गुडघा मातीत. वरच्या मोठ्या कुस्त्या लागल्या तेव्हा अंधार पडलेला आणि मैदानावर दिव्यांचा लखलखाट. आपल्या डोळ्यांना तो लखलखाट, कॅमेऱ्याला नाही. सोबत आलेली 18-55 ची लेन्स पूर्ण पुढे काढली की तिचं तोंड 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही. पैलवान जागच्या जागी गोठवायचा तर सेकंदाचा निदान पाचशेवा भाग लागतो. तेवढ्या वेळात या तोंडातून उजेड येणार किती? आयएसओ वाढवला तर फोटोत मैदानातल्यापेक्षा जास्त माती. त्यात फोकसचे बिंदू नऊ आणि वेग सेकंदाला तीन फोटो. ढाक लागून पाठ टेकायला तेवढाही वेळ लागत नाही. एका फोटोत खडाखडी, पुढच्यात हलगीवाला, त्याच्या पुढच्यात विजयी पैलवान खांद्यावर. कुस्ती झाली कधी, हे कॅमेऱ्याला कळलंच नाही.

तरी मी त्याला वाईट म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात, दुपारी बाराच्या उन्हात, फोनचा पडदा काळाठिक्कर पडतो तिथं या कॅमेऱ्याच्या भोकातून बघितलं की समोरची कोयता धरलेली मूठ लख्ख दिसते. बटण दाबलं की फोटो, मध्ये विचार करत बसणं नाही. एका चार्जिंगवर बॅटरी पाचशेच्या आसपास फोटो देते. त्या मुठीचा फोटो मोठा करून बघितला. नखांत अडकलेला पाचटाचा तुसा वेगळा ओळखू येत होता. अशी फॅट फोनला लागत नाही.

शिवाय 1987 पासून निघालेली कॅननची कुठलीही ईएफ लेन्स याला बसते. म्हणून सल्ला दिला: डबा आहे तोच ठेव, पुढं 50 मिलिमीटरची 1.8 ची लेन्स लाव. उघडल्यावर ती 5.6 च्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पोरानं हातात घेऊन फिरवून बघितली. "झूम न्हाई व्हय हिला?" नाही. पुढं जायचं असेल तर पाय वापरायचे. हे काही त्याला रुचलं नाही.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1918 साली सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि त्यावर 1920 मध्ये 'सैरंध्री' काढला, त्या जिल्ह्यात आता कॅमेऱ्याचं मॅन्युअल सीलबंद राहतं. गॅजेटची भीती म्हणावी तर तीही नाही. 1998 च्या वायर्ड व्हिलेज योजनेत वारणा परिसरातल्या सत्तर गावांत संगणक आले तेव्हा पुष्कळ शहरांना इंटरनेट नीट माहीत नव्हतं. वाचायचा कंटाळा, एवढंच. ऑटोवरची चकती पुतण्यानं अजून हलवलेली नाही. चैत्रात जोतिबावर जाऊन गुलालात फोटो काढणार म्हणतो. सासनकाठ्या नाचत असताना तिथं लेन्स बदलायची नाही, या कॅमेऱ्याला सेन्सर आपोआप झटकायची सोय नाही, हे त्याला तीनदा बजावून झालं.

मॅन्युअल राहिलं, पण व्हिजिटिंग कार्डं छापून आली. फोटोवर टाकायचं नावही तयार आहे, सोनेरी, पंख लावलेलं, नवरीच्या हनुवटीपासून कंबरेपर्यंत येईल एवढं. पहिली ऑर्डर गल्लीतल्या बारशाची मिळाली आहे. बाळ झोपलेलं असलं तर फोटो चांगले येतील.