दौरा पुढे ढकलला आहे

परराष्ट्र खात्याच्या निवेदनात ‘मोकळेपणाने चर्चा झाली’ असं आलं की खुशाल समजावं, आत भांडण झालं. ‘उपयुक्त चर्चा’ म्हणजे ठरलं काहीच नाही. ‘घडामोडींवर बारकाईने लक्ष आहे’ म्हणजे कार्यालयात टीव्ही चालू आहे. एखाद्या दूतावासाला दम भरायचा झाला, तरी पत्राच्या सुरुवातीला नमस्कार आणि शेवटी परम आदराची ग्वाही हवीच. मधल्या दोन ओळींत, तुमचा अमुक अधिकारी गाशा गुंडाळून घरी न्या, एवढंच असतं.

कोल्हापूरकराच्या तोंडाला हे वळण बसायचं नाही. इथं ‘बघून घेतो’ म्हणणारा खरंच बघून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर मिसळ खातो. तरी नशिबाची गंमत अशी, की मुत्सद्दी भाषेचा मारा याच जिल्ह्यावर सगळ्यात जास्त. कारण आमचा परदेश कागलच्या पुढं दूधगंगेचा पूल ओलांडला की लागतो. इमिग्रेशन कोगनोळी नाक्यावर. व्हिसा कधी नाकारतील, सांगता येत नाही.

डिसेंबर २०२२ आठवा. सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्री चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई ६ तारखेला बेळगावला निघणार होते. पलीकडून मुख्यमंत्री बोम्मई म्हणाले, येऊ नका. हे झालं साधं कन्नड. त्याचं आपल्याकडं अधिकृत मराठी आलं ते ‘दौरा पुढे ढकलला’. पुढे म्हणजे कुठवर, हे विचारणं राजशिष्टाचारात बसत नाही.

मग १४ तारखेला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं. चर्चा अर्थातच सकारात्मक. ठरलं असं, की सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा आहे, त्याचा निकाल लागेपर्यंत कुणी कुणाच्या भागावर हक्क सांगायचा नाही. दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समितीही ठरली. समिती निघाली म्हणजे प्रश्न मार्गी लागला, नाही का? २२ तारखेला कर्नाटकच्या विधिमंडळानं ठराव केला, एक इंच जमीन देणार नाही. २७ तारखेला महाराष्ट्रानं ८६५ गावांसाठी ठराव केला. दोन्ही एकमतानं. जिथं सत्ताधारी-विरोधकांचं चहापानावरसुद्धा जमत नाही, तिथं एवढं एकमत! सीमाप्रश्नाचे उपकार म्हणायचे.

अशा दिवसांत कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर निपाणीच्या मावशी पिशवी सांभाळत विचारतात, “गाडी कवा हाय हो?” खिडकीतून उत्तर येतं, “परिस्थितीचा आढावा घेऊन सोडणार.” मावशी म्हणतात, “म्हंजे न्हाई म्हणा की सरळ.” एवढ्या झटपट भाषांतर करणारा दुभाषा दिल्लीत शोधून सापडायचा नाही.

पावसाळ्यात हीच भाषा पाण्यावर येते. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेणार, असं कर्नाटक म्हणतं. महाराष्ट्र ‘तीव्र आक्षेप’ नोंदवतो. विसर्गाबाबत ‘दोन्ही राज्यांत उत्तम समन्वय’ असतो. पंचगंगेला मात्र कुणी राजशिष्टाचार शिकवलेला नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. तेवढं कळलं की चिखली-आंबेवाडीची माणसं म्हशी सोडून रस्त्याला लागतात. समन्वय किती उत्तम होता ते मागाहून पेपरात वाचतात.

बरं, मुत्सद्देगिरी आम्हाला नवी आहे म्हणावं, तर तसंही नाही. टोपीकरांना समुद्रकाठी जागा देऊ नका, हे आज्ञापत्रात लिहून ठेवणारे रामचंद्रपंत अमात्य करवीर दरबारचेच. ‘तीव्र चिंता’ वगैरे व्यक्त करत ते बसले नाहीत. आणि नदीवरून तह कसा करतात, त्याचाही नमुना घरातच आहे. १३ एप्रिल १७३१ रोजी सातारकर शाहू महाराज आणि करवीरकर संभाजी महाराज या चुलतभावांमध्ये वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख तुमचा, जो एकाचा वैरी तो दोघांचा, अशी साधी नऊ कलमं. त्यात एक कलम असंही, की एकानं दुसऱ्याचे सेवक आपल्याकडं ठेवून घ्यायचे नाहीत.

हे कलम आजच्या पक्षांना लावून पाहायला हरकत नाही. फक्त मुंबईत अधिवेशन असेल तेव्हा नको, गणपूर्तीला माणसं मिळायची नाहीत.