शांततेचा टॉपर

दहावीला नव्वदच्या वर, सीईटीनंतर क्लासच्या जाहिरातीत फोटो, कॅम्पसमध्ये पहिल्या फेरीत नोकरी. आमचा भाचा कुठेही गेला तरी मार्कशीट घेऊनच परत येणार. मार्च २०२० मध्ये देशाला कुलूप लागलं आणि कंपनीचं पत्र आलं : रुजू होण्याची तारीख मागाहून कळवू. कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये आई, बाबा, आजी आणि हा. त्यात परीक्षा एकही नाही. पोरगं दिवसच्या दिवस पंख्याकडे बघत पडायचं, रात्री तीनला बाल्कनीत येरझारा घालायचं. ताई फोनवर हळू आवाजात सांगायची आणि मलाही काय बोलावं सुचायचं नाही.

मग त्याने माइंडफुलनेसला ॲडमिशन घेतली. खरं तर त्याला विपश्यनेसाठी इगतपुरीलाच जायचं होतं. दहा दिवस मौन म्हणजे 'लेव्हल वरची' म्हणे. पण टाळेबंदीत तेही बंद. राहिलं मोबाइलवरचं ॲप.

जॉन कबाट-झिन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला सुरुवातीचा धडा म्हणजे एक बेदाणा भान ठेवून खाणे. भाच्याने तासगावचा निवडक बेदाणा तळहातावर घेतला. सुरकुत्या पाहिल्या, उजेडात धरून रंग पाहिला, वास घेतला, मग बोटांत चिमटून कानाशी नेला.

"काय रे, काय म्हणतोय तो?" आजीने विचारलं.

"आजी, प्लीज. मी वर्तमानात आहे."

"असा खाल्लास तर किलोभर दिवाळीपर्यंत पुरेल," बाबा म्हणाले आणि मूठभर तोंडात टाकून पेपर वाचू लागले.

ॲपवर रोजच्या हजेरीची साखळी असते आणि खरा घोटाळा तिथेच झाला. अमेरिकेतला मित्र त्याच्या चार दिवस पुढे होता. त्याला गाठायचं म्हणून हा रात्री पावणेबाराला दचकून उठायचा आणि घाईघाईने शांत व्हायचा. कुकरची शिट्टी झाली की आईवर डाफरायचा : "माझा श्वास चुकला!" एकदा वायफाय गेलं, साखळी तुटली आणि त्या दिवशी तो जेवला नाही. श्वास मोजणं ठीक, पण त्यातही नंबर काढायचा? मात्र याला दोष तरी कसा द्यावा? नुसतं वाट बघत बसायचं कसं, हे आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं. त्याचा क्लास नसतो ना.

जूनमध्ये कंपनीने घरूनच रुजू करून घेतलं. पहिल्याच शुक्रवारी एचआरच्या बाईंनी शंभरेक नव्या पोरांना ऑनलाइन जमवून डोळे मिटायला लावले. भाच्याने मिटले. रोज बारा तासांच्या ट्रेनिंगने तो पिळवटला होता आणि त्याचा माइक चालू राहिला होता. थोड्या वेळाने सगळ्यांच्या हेडफोनमध्ये संथ, खर्जातलं घोरणं घुमू लागलं.

"बघा," बाई हळुवार म्हणाल्या, "किती खोल श्वास घेतायत हे!"